लो केलेल्या गाडीचा टायर सारखा घासतो, आतून खातो, पावसात सुटतो... म्हणून विंटर टायर टाकायचाय?

थंडी पडली आणि निफाडचा पारा पेपरात यायला लागला की हा प्रश्न दरवर्षी येतोच. गाडी स्विफ्ट असो, पोलो असो नाहीतर आय-ट्वेंटी, स्प्रिंगा कापून किंवा लोअरिंगच्या स्प्रिंगा टाकून खाली बसवलेली असते आणि पोराचं म्हणणं एकच, की दादा नवीन टायर टाकले तरी काही महिन्यांत आतल्या बाजूने तारा दिसायला लागतात, स्पीडब्रेकरला मागून खर्रकन आवाज येतो, पावसात कसारा उतरताना गाडी सुटल्यासारखी वाटते, आणि आता थंडीत तर घासणं अजूनच वाढलंय, मग विंटर टायर मागवू का, त्याचं रबर सॉफ्ट असतं ना, ग्रिप चांगली मिळेल. मी नाशिकला पाथर्डी फाट्याकडे अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या, कामात आहे त्यामुळे लो केलेल्या गाड्या रोजच जॅकवर बघतो. म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकावं. लांब झालंय, पण नवीन सेटचे पैसे देण्याआधी वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट. टायर बदलला, कंपनी बदलली आणि तरी तोच त्रास परत आला तर तो त्रास टायरचा नाहीये, तो टायरच्या वर कुठेतरी बसलाय. लो केलेल्या गाडीत आधी चाकाभोवतीची जागा बघायची, मग चाकाचे कोन, मग साइज, आणि नक्षी-रबर हे सगळ्यात शेवटी. पोरं नेमकी उलटी सुरुवात करतात, आधी टायर कुठला मस्त ते विचारतात, आणि मग महागातला टायर पण तसाच आतून खाऊन जातो.

विंटर टायरचं आधी मिटवू. विंटर टायर ही बर्फाच्या देशातली गोष्ट आहे. ज्या कंपनीला आज आपण नोकियन म्हणून ओळखतो तिने फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी पहिला असा टायर काढला. त्याचं रबर असं बनवलेलं असतं की साधारण ७ अंशांच्या खाली पण ते कडक होत नाही, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यात बारीक बारीक चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात, त्या बर्फात दाबल्या की उघडतात आणि पकडतात. आता नाशिकला बघा. पहाटे पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून खाली, पण सकाळी दहा-अकराला ऊन आलं की डांबर तापतं, आणि एप्रिल-मे मध्ये हवाच ४० च्या आसपास असते, रस्ता तर त्याहून कितीतरी गरम. त्या उन्हात विंटर टायरचं रबर मऊ पडतं, ठोकळे हलायला लागतात, ब्रेकिंगला अंतर जास्त लागतं, वळणावर स्टिअरिंग ढिलं वाटतं आणि टायर भराभर झिजतो. म्हणजे सॉफ्ट आहे म्हणून ग्रिप मिळेल हे गणित आपल्याकडे बसत नाही. दोन महिन्यांच्या पहाटेसाठी बाकीचं वर्ष वाया घालवायचं, त्यात असे टायर इथल्या दुकानांत सहज मिळत पण नाहीत, मागवले तर वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. नाशिकमध्ये फिरवायच्या गाडीला विंटर टायर नको, स्पष्ट सांगतो. हिमाचलला बर्फात न्यायची असेल तर विषय वेगळा, त्यावर खाली लिहिलंय.

मग थंडीत घासणं वाढतं ते का? हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. हवा! थंड झाली की टायरमधलं प्रेशर उतरतं. ढोबळ हिशोब असा, की तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय जातो. मे महिन्याच्या दुपारी ३५ अंशांत ३३ पीएसआय भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी १० अंशांत २९ च्या आसपास दाखवते, कुठेही गळती नसताना. वर महिन्याला थोडी हवा आपोआप पण झिरपते. सहा महिने पंक्चरवाल्याकडे गेलाच नाहीत तर टायर आरामात २७ वर आलेला असतो. अशा टायरची बाजू खाली जास्त फुगते, वळणावर दबून आत-बाहेर सरकते, आणि नॉर्मल उंचीच्या गाडीला त्याने काही फरक पडत नसला तरी जिथे टायर आणि लायनरमध्ये (चाकाच्या वरचं आतलं प्लास्टिक) दोन-तीन मिलिमीटरचीच फट आहे तिथे तेवढं पुरतं. त्यामुळे थंडीत घासायला लागलं तर पहिलं काम फुकटातलं आहे: सकाळी गाडी चालवायच्या आधी, टायर गार असताना हवा चेक करा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी भरा. चार-पाच जण बसून लांब जायचं असेल तर त्याच स्टिकरवर फुल लोडचा आकडा असतो, तो घ्या. लो दिसावी म्हणून हवा कमी ठेवणारे पण असतात. कृपा करून ते करू नका. कमी हवेचा टायर आतून तापतो, आणि समृद्धीच्या सिमेंटवर १२० च्या लिमिटला सलग तास-दीड तास धावताना असाच टायर फुटतो.

हवा बरोबर करूनही घासतंय तर मग शोधा, नेमकं घासतंय कुठे. अंदाजाने फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, ठोकायला लावू नका. चाक काढा आणि टायरवर बघा. बाहेरच्या खांद्यावर चकाकी आलेली रेघ असेल तर फेंडरची कड लागतेय. आतल्या बाजूला साइडवॉलवर गोल रेघ असेल तर शॉकअपची नळी किंवा स्प्रिंगची वाटी लागतेय, आणि हे सगळ्यात धोक्याचं, कारण तिथे टायर हळूहळू कापला जातो आणि बाहेरून दिसत पण नाही. नक्षीच्या खांद्यावर पुढे-मागे ओरखडे असतील आणि लायनरचं प्लास्टिक पांढरट झालं असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर लागतंय. कळतच नसेल तर लायनरला, फेंडरच्या आतल्या कडेला आणि शॉकअपच्या नळीला खडू घासा नाहीतर ग्रीसचा पातळ हात द्या, मग मागे तीन जण बसवून घराजवळच्या एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून हळू न्या, पार्किंगमध्ये दोन्हीकडे फुल लॉक मारून ब्रेक दाबा, आणि परत चाक काढून बघा. जिथलं पुसलं गेलं तिथे घासतंय.

याच्या पुढची खरी टेस्ट गॅरेजमध्येच होते. एका बाजूची स्प्रिंग काढायची, शॉकअप स्प्रिंगशिवाय परत बसवायचा, चाक लावायचं आणि लोअर आर्मखाली (चाकाला खालून धरणारा दांडा) जॅक देऊन चाक बंप स्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर उचलायचं, त्याच अवस्थेत स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायचं. चाक जास्तीत जास्त कुठपर्यंत जाऊ शकतं ते डोळ्यांना दिसतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मेकॅनिक कंटाळा करतो, पण लो गाडीला टायरची साइज ठरवायची तर याच्यासारखी खात्रीची पद्धत नाही. आणि चारही चाकांची उंची मोजून लिहून ठेवा, चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत. डाव्या-उजव्यात एक सेंटीमीटरहून जास्त फरक दिसला तर एखादी स्प्रिंग बसलीय किंवा वेडीवाकडी कापलीय.

स्प्रिंग कापण्याबद्दल माझं मत लपवत नाही, मला ते अजिबात पटत नाही. ग्राइंडर लावून एक-दीड वेटोळं उडवलं की गाडी खाली येते हे खरं, पण कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही. खड्ड्यात चाक खाली लोंबलं की स्प्रिंग सुटी होऊन जागेवरून सरकते. स्प्रिंग लहान झाल्यावर कडक होते, आणि शॉकअप मात्र जुन्याच उंचीसाठी आणि जुन्याच स्प्रिंगसाठी बनवलेला असतो. मग गाडी बंप स्टॉपवर आपटत चालते, शॉकअप तेल सोडतो, आणि शॉकअप गेला की चाक रस्त्यावर उड्या मारतं. टायरवर ठिकठिकाणी खोलगट खड्डे पडलेले दिसतात ना, हात फिरवला की वर-खाली लागतात, ते बहुतेक करून याचेच. अशा गाडीला कुठलाही टायर टाका, त्याचं तेच होणार. लोच ठेवायची असेल तर त्या गाडीसाठी बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप टाका, नाहीतर नीट कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट), आणि तीस मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. सिंहस्थाच्या कामांनी शहरात जागोजागी खणून ठेवलंय, त्या रस्त्यांवर तीस पण खूप होतात.

आता आतून खाण्याचं. छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब. गाडी खाली आणली की लोअर आर्मचा कोन बदलतो, चाकाचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, आणि टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) कोन बदलल्यामुळे टो पण हलतो, म्हणजे वरून बघितलं तर चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळतात. पोरं दोष देतात कॅम्बरला, पण टायर फाडतो तो टो. थोडासा कॅम्बर टायर सहन करतो, हळूहळू खातो. टो चुकला तर टायर पुढे फिरता फिरता आडवा पण घासला जातो. साधा भूमितीचा हिशोब आहे, एका चाकाचा टो पाव अंश जरी चुकला तरी एका किलोमीटरमागे टायर चार मीटरहून जास्त आडवा खरवडला जातो. नाशिक ते मुंबई जाऊन येईपर्यंत दीड किलोमीटर आडवं खरवडणं झालं! त्यात टो बाहेर उघडलेला असेल आणि कॅम्बर आत झुकलेला असेल तर सगळा मार आतल्या कडेवर येतो, बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून तारा निघालेल्या असतात. म्हणून लो गाडीवाल्यांनी दर पंधरा दिवसांनी स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघायची सवय लावा. बोटं पण फिरवा: एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला टोचतंय तर टो, दोन्हीकडे गुळगुळीत आणि फक्त आतली पट्टी उतरलेली असेल तर कॅम्बर, मध्यभाग खाल्लेला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा खाल्लेल्या तर हवा कमी.

अलाइनमेंट करताना प्रिंटआउट मागा, आधीचा आणि नंतरचा दोन्ही. स्क्रीनवर हिरवं आलं म्हणजे झालं असं नसतं. टो हिरव्या पट्ट्याच्या एका टोकाला टेकलेला असला तरी हिरवाच दिसतो. लो गाडीला पुढचा टो शून्याच्या जवळ, दोन्ही चाकांचा सारखा, असं सांगा. कॅम्बर डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त वेगळा नको. बऱ्याच छोट्या गाड्यांत कंपनीकडून पुढच्या कॅम्बरला ॲडजस्टमेंट नसते, तिथे स्ट्रट आणि नकलच्या (चाकाचा हब धरणारा भाग) जोडावर कॅम्बर बोल्ट टाकता येतो, फार महाग नाही, पण जाणकाराकडूनच बसवा आणि टॉर्क रेंचने आवळायला लावा. मागे बहुतेकांना टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, असतो, तिथे साध्या मशीनवर काही फिरवता येत नाही, मागचे आकडे फार बाहेर गेले असतील तर बीम वाकलाय का ते बघावं लागतं. लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट ढिले असताना केलेली अलाइनमेंट दुकानाच्या गेटपर्यंतच टिकते, म्हणून आधी ते हलवून बघा. नवीन स्प्रिंगा टाकल्या असतील तर पाचशे-हजार किलोमीटरनंतर परत एकदा करा, स्प्रिंगा थोड्या बसतात.

एवढं झालं की मगच साइज. गाडी खाली आणली की लगेच रुंद टायर आणि मोठं अलॉय हा मोह सगळ्यांना होतो. मी समजू शकतो, दिसतं छान. पण आकडे बघा. स्विफ्टला कंपनीकडून येणारा १८५/६५ आर १५ घ्या (रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), त्याचा पूर्ण व्यास साधारण ६२१ मिलिमीटर. १६५/८० आर १४ चा ६२० च्या आसपास, म्हणून कंपनी हे दोन्ही देते. १९५/५५ आर १६ पण ६२१, म्हणजे उंचीला बरोबर बसतो. १९५/६० आर १५ चा ६१५. २०५/५० आर १६ चा ६११, व्यास दहाने कमी म्हणजे गाडी अजून पाच मिलिमीटर खाली, आणि टायर मात्र वीस मिलिमीटर रुंद. आणि पोरं सर्रास टाकतात तो १९५/६५ आर १५, तो ६३४ च्या वर, म्हणजे वरच्या बाजूला साडेसहा मिलिमीटर जागा खाल्ली, आणि नेमकी तिथेच तर तुमची जागा संपलीय. हिशोब सोपा आहे, रुंदी गुणिले टक्के गुणिले दोन, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा. मोबाइलवर करा आणि कंपनीच्या व्यासापेक्षा मोठं काहीच घेऊ नका.

रिमचा ऑफसेट पण बघा, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे तो आकडा, तो बहुतेक रिमवर ईटी म्हणून आतल्या बाजूला छापलेला असतो. आकडा जेवढा कमी तेवढं चाक बाहेर येतं. समजा सहा इंच रुंद ईटी ४५ काढून सात इंच रुंद ईटी ३५ टाकलं, तर रिमची बाहेरची कड जवळजवळ तेवीस मिलिमीटर बाहेर आली आणि आतली अडीच-पावणेतीन मिलिमीटर आत गेली. म्हणजे फेंडर पण लागणार आणि शॉकअप पण. स्पेसर (चाक आणि हबमधली चकती) टाकून आतलं वाचवायला गेलात तर बाहेरचं वाढतं, आणि बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच. हबचं भोक पण जुळायला पाहिजे, स्विफ्टचं ५४.१ मिलिमीटर आहे, मोठ्या भोकाचं रिम टाकलं तर सेंटरिंग रिंग लागते, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देतात.

माझा सल्ला विचाराल तर लो केलेल्या छोट्या गाडीला कंपनीचीच साइज, १८५/६५ आर १५, कंपनीच्याच ऑफसेटच्या रिमवर. ज्यांना सोळा इंची पाहिजेच त्यांनी १९५/५५ आर १६, त्यापुढे नाही. लोड इंडेक्स कंपनीच्यापेक्षा कमी नको, ८८ म्हणजे टायरमागे ५६० किलो, ८५ म्हणजे ५१५. कापलेल्या स्प्रिंगांच्या गाडीत झटका थेट टायरवर येतो, तिथे कमी लोड इंडेक्सचा आणि पातळ साइडवॉलचा टायर टाकला तर एका खड्ड्यात बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नसते, तो काढूनच टाकायचा.

आपल्याकडचा खरा विंटर टायर म्हणजे पावसाळ्याचा टायर, असं मी धरून चालतो. नाशिकच्या पोरांनी टायर निवडताना बर्फ डोळ्यांसमोर आणू नये, जुलैचा इगतपुरी आणावा. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घोटीपासून पुढे धुकं, रस्त्यावरून वाहणारं पाणी, ट्रकांनी उडवलेला चिखल. त्र्यंबक रोडला पहिल्या पावसात धूळ आणि ऑइल मिळून साबणासारखा थर होतो. दिंडोरी-पिंपळगावकडे ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते. या सगळ्यासाठी टायरला पाणी बाहेर फेकता आलं पाहिजे, आणि तिथे अरुंद टायर रुंद टायरपेक्षा बरा, कारण रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि तो लवकर पाण्यावर तरंगतो. बर्फाच्या देशात पण हिवाळ्यात थोडा अरुंद, उंच साइडवॉलचा टायर छोट्या रिमवर टाकतात, तोच नियम इथे पावसाला लागू पडतो. मध्ये तीन-चार रुंद सरळ खाचा असलेली नक्षी घ्या, बाणासारखी व्ही नक्षी चालेल, पण ती बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण बघून घ्या, आणि ज्या टायरवर बाहेरची बाजू लिहिलेली असते तो उलटा बसवला गेला नाही ना ते दुकानातच तपासा, गर्दीच्या दिवशी असं होतं. २०२२ मध्ये सरकारने ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) आणि आवाज यासाठी एआयएस-१४२ हे मानक लागू करायचं ठरवलं, पण ती किमान पातळी झाली. मायलेजच्या नावाने विकले जाणारे कडक रबराचे टायर ओल्यात सगळेच सारखे पकडत नाहीत, म्हणून घ्यायच्या आधी तोच टायर पावसात चालवणाऱ्या दोघा-तिघांना विचारा. कारखाना सातपूरचा असो की तामिळनाडूचा, इथे मिळणाऱ्या सगळ्या मोठ्या कंपन्यांकडे या साइजमध्ये चांगला पावसाळी टायर आहे, त्यात उगाच भांडू नका.

साइडवॉलवरचा चार आकडी तारखेचा कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. वर्षाहून जुना माल असेल तर दुसरा मागा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला, खाचेतल्या छोट्या उंचवट्यांना टेकला की समजा. पण पावसासाठी तेवढी वाट बघू नका, तीन मिलिमीटरला बदला. नवीन टायर साधारण आठ मिलिमीटरचा असतो, तीनच्या खाली पाणी फेकायची ताकद झपाट्याने उतरते. आणि दोनच टायर घेणार असाल तर नवीन मागे टाका. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की सावरता येते, मागचे सुटले तर गाडी गरकन फिरते, घाटात ती सावरायला जागा नसते.

आता ज्यांना खरंच डिसेंबर-जानेवारीत मनालीला जायचंय त्यांच्यासाठी. अटल बोगद्याच्या पलीकडे सिस्सूला बर्फात गाडीसोबत फोटो पाहिजे, समजलं. बर्फ पडला की तिथलं प्रशासन पुष्कळदा सोलंगच्या पुढे फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्याच गाड्या सोडतं. विंटर टायर घ्यायचाच असेल तर साइडवॉलवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघा. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलेलं पुरत नाही, ते कंपनी स्वतःच लिहिते, डोंगर-हिमकणाचं चिन्ह मात्र बर्फावरची टेस्ट पास झाल्यावर मिळतं. साइज १८५/६५ आर १५ नाहीतर १४ इंची रिमवर १६५/८०, रिम ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना ते आधी बघून. चारही चाकांना एकच टायर. फक्त पुढे टाकले तर उतारावर मागची बाजू पुढे यायला बघते.

चेनचं मात्र लो गाडीत अवघड आहे. पुढच्या चाकांना लावायची, कारण ओढणारी चाकं तीच, आणि नेमकी तिथेच टायर आणि शॉकअपमध्ये बोटभर जागा नसते. साधी जाड चेन आत लागली तर ब्रेकचा पाइप किंवा एबीएसची वायर तोडू शकते. सात किंवा नऊ मिलिमीटरची पातळ चेन मिळते, कापडाचे स्नो सॉक पण मिळतात, ते लो गाडीला जास्त बरे. नाशिकमध्येच बसवून बघा, पार्किंगमध्ये फुल लॉक मारून बघा, तिथे उणे तापमानात रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा उघडून बसू नका. चेन लावल्यावर पन्नासच्या वर जायचं नाही आणि कोरडा रस्ता आला की लगेच काढायची. आणि खरं सांगू का, टायर कितीही भारी टाकला तरी बंपर बर्फाला टेकला की गाडी थांबणार, चाकांवरचं वजन उचललं जातं आणि ती जागेवर फिरतात. त्यामुळे जायच्या आधी ओरिजिनल स्प्रिंगा आणि शॉकअप परत बसवा. एका दिवसाचं काम आहे. कंपनीच्या स्प्रिंगा भंगारात देऊ नका असं मी म्हणूनच प्रत्येकाला सांगतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात न बसणारा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते अजून ठळक केलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले सस्पेन्शन बघतात आणि क्लेम अडू शकतो. घरच्यांची गाडी असेल तर हे वडिलांना माहीत असू द्या.

राहिली स्टेपनी, ती कोणीच बघत नाही. व्यास बाकीच्या चाकांएवढा आहे का ते साइजवरून तपासा, आणि मोठं अलॉय टाकलं असेल तर स्टेपनीच्या स्टीलच्या रिमला त्याच अलॉयचे बोल्ट चालतात का ते पण, नाहीतर रात्री इगतपुरीच्या पुढे बोल्ट हातात आणि चाक बसत नाही अशी वेळ येते. जॅकचं पण तसंच: लो गाडी पंक्चर झाल्यावर इतकी खाली बसते की कंपनीचा जॅक खालीच जात नाही. डिक्कीत इंचभर जाडीची, फूटभर लांब लाकडी फळी ठेवा, पंक्चर चाक हळूच तिच्यावर चढवा, मग जॅक आत जातो. एकदा घराच्या पार्किंगमध्ये हवा काढून हे करून बघा, किती जागा मिळते ते कळेल आणि लो जॅक विकत घ्यायचा का ते ठरवता येईल.